काटा हिरव्यात होता

बहात्तरच्या दुष्काळात लोह्याहून अहमदपूरकडं जाणाऱ्या रस्त्याचं काम निघालं आणि माझे माय-बा तिथं खडी फोडायला बसले. मायच्या डाव्या डोळ्यात दगडाची कपरी गेली. दवाखाना नांदेडला, आणि मुकादम म्हणाला, गेलीस तर हजेरी बुडल. तिनं पदराचा बोळा करून, त्यावर फुंकर मारून डोळ्यावर दाबला आणि उजव्या डोळ्यानं दिवसाचा ढीग पुरा केला. डोळा गेला. पुढं कितीतरी वर्षं आम्ही त्या रस्त्यानं एसटीतून जायचो तेव्हा ती खिडकीबाहेर बोट दाखवायची, "हितं. मपला एक डोळा ह्या रस्त्यात हाय." गाडी खड्ड्यात आदळली की म्हणायची, "बघा, नीट बसवला न्हाई त्यायनी." तिच्या असल्या बोलण्यावर हसायचं की कसं, हे आम्हाला कधी कळलं नाही.

दादा तेव्हा विशीत होता. आमच्या वस्तीनं धम्म घेतला त्याच्या आधीचा म्हणून त्याचं नाव किसन. मी नंतरचा म्हणून गौतम. तो सातवीतून निघाला, मी निघालो नाही. त्याच कामावर रोलरच्या चाकांवर पाणी मारता मारता तो रोलर चालवायला शिकला, मग ट्रॅक्टर, मग जीप. त्यानं स्टेअरिंग धरलं म्हणून माझ्या हातात वही राहिली. औरंगाबादच्या कॉलेजातून मी बी.ई. मेकॅनिकल झालो. आमच्या घरात पहिला, वस्तीत पहिला, भावकीत पहिला. हे मी आजही छाती काढून सांगतो. ज्याला टोचतं त्याला टोचू द्या.

हे सगळं वर आलं, कारण मे महिना लागलाय. लातूरला आमच्या तंत्रनिकेतनात तोंडी परीक्षा चालू आहेत आणि माझ्या नोकरीचा हा शेवटचा मे. बाहेर पुन्हा तसाच दुष्काळ. गल्लीत घागरींची रांग आहे, फक्त आता घागरी प्लास्टिकच्या, लाल-निळ्या-पिवळ्या, लांबून बघितलं तर कुणाच्या लग्नाचा मांडव वाटावा. प्रयोगशाळेत पंखा गरम हवा ढवळतो. टेबलापलीकडं पोरं घाम पुसत उभी असतात आणि मी प्रत्येकाला शेवटचा प्रश्न तोच विचारतो. गाडीच्या इंजिनात तेलाचं तापमान मोजणारा सेन्सर कुठं बसवशील?

"खाली चेंबरमधी, सर."

"का?"

"तिथं तेल असतं, सर."

"कायम असतं?"

पोरगं गप्प. ते गप्प होणं मला आवडतं, हे कबूल करतो. चांगले मार्क पडत आलेल्या पोराचा चेहरा त्या एका प्रश्नावर उतरताना मी तीस-पस्तीस वर्षं बघत आलोय. पोरं मला पाठीमागं 'सेन्सर सर' म्हणतात. एकानं संडासाच्या दारावर माझं चित्र काढून नाकाच्या जागी सेन्सर काढला होता. चित्र बरं होतं. जागा चुकली होती.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक कापलेलं इंजिन उभं आहे. आतलं दिसावं म्हणून निम्मा ब्लॉक कापून काढलेला, कडांना लाल रंग. बेरिंग वितळून क्रँकला चिकटलेलं आहे. पोरं त्या ओरखड्यांवरून बोट फिरवतात, जुन्या जखमेवरून फिरवावं तसं. वर पांढरी पाटी: 'जीपचे डिझेल इंजिन. जाम झालेले. कारण: चालकाची हयगय.' अक्षर माझं आहे.

लातूर नवा नवा जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून त्यावर नवं रंगवलेलं, आणि ऊन तापलं की खालचं जुनं नाव पुन्हा फुगून वर यायचं. ट्रकभर टेबलं आली, कपाटं आली, साहेब आले. पाणी तेवढं आलं नाही. टँकर कमी पडले तेव्हा मोठी गाडी जिथं चढत नाही अशा गावांसाठी भाड्याच्या जीपा लावल्या. जीपच्या मागं पाण्याची टाकी असलेली ट्रॉली. त्यातली एक जीप दादा चालवायचा. मालक लातूरचा. मी निकाल घेऊन लातूरला दादाकडं आलेलो आणि त्याच्यासोबत फिरत होतो. महिनाभरावर तंत्रनिकेतनातल्या जागेची मुलाखत होती.

त्या उन्हाळ्याचा रंग मला आठवत नाही, वासच आठवतो. तापलेल्या पत्र्याचा, डिझेलचा, आणि वाळलेल्या विहिरीच्या तळातून येतो तो, शेवाळाचा नि बेडकाचा. विहीर सरकारनं ताब्यात घेतलेली. तिथून ट्रॉली भरायची आणि बालाघाटाचा चढ पहिल्या गिअरमध्ये रडत रडत चढायचा. चढ संपला की एक कडुलिंब होता. तिथं दादा गाडी थांबवायचा. बोनेट उघडून ऑइलची पट्टी ओढायचा, टोकावरचा थेंब अंगठ्यावर घेऊन चोळायचा, नाकाशी धरायचा.

"पातळ झालंय. थांबू जरा."

मग आम्ही लिंबाखाली बसायचो. तो गाडीला टांगलेल्या छागळीतलं पाणी घोटभर प्यायचा, मला द्यायचा. तेल निवलं की पुन्हा पट्टी, पुन्हा अंगठा, मग गाडी सुरू. त्याचं नाक म्हणजे वस्तीतली चेष्टेची गोष्ट होती. वहिनी म्हणायची, "भाजी करपली का न्हाई ते मला इचारत न्हाईत, पर दोन कोसावरच्या इंजिनाचं सांगतेत."

एक गाव होतं. नाव लिहीत नाही. तिथली पोरंही माझ्याकडं शिकून गेली आहेत. त्या गावात ट्रॉलीचा नळ दादानं उघडायचा नाही, असं ठरलेलं होतं. कुणी ओरडून सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी दादा उतरला तेव्हा एक म्हातारा मोठ्या प्रेमानं म्हणाला होता, "किसना, तू बस गाडीवर. दमला असशील." तेव्हापासून दादा सीटवर बसून राहायचा, दोन्ही हात स्टेअरिंगवर, दिसतील असे. गावातला एक जण येऊन नळ उघडायचा. गाव भरून झालं की उरलेलं पाणी आमच्या लोकांच्या वस्तीवर, ओढ्यापलीकडं. तिथं नळ दादा उघडायचा. टाकीच्या तळातलं, गाळ मिसळलेलं, पण लोक त्याला "ये किसनभाऊ" म्हणायचे आणि एखादी म्हातारी त्या गढूळ पाण्याचा पहिला तांब्या त्यालाच पाजायची.

मालकाला लिंबाखालचं थांबणं खुपत होतं. बाकीच्या जीपा दिवसाला तीन खेपा करायच्या, दादाच्या दोनच. "किसन्या, लिंबाला काय पाळणा टांगलाय का?" तो सगळ्यांसमोर म्हणाला, "का दिवसभर तेल हुंगत बसतो?" लोक हसले. मला ते हसणं लागलं. आणि खरं सांगतो, दादापेक्षा मला माझ्यासाठी लागलं. इंजिनियरचा भाऊ अंगठ्यावर तेल चोळून नाकाला लावतो!

मी मालकाला म्हणालो, "मी काटा बसवतो. तेलाचं तापमान समोर दिसंल. थांबायचं काम नाही."

मालकानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "शिकल्याचं कायतरी चीज करतंय म्हणायचं पोरगं."

नांदेडच्या भंगारातून एक काटा आणि त्याचा सेन्सर मिळाला. तेव्हा आम्ही त्याला सेंडर म्हणायचो. काट्याच्या तबकडीवर हिरवा पट्टा, पुढं लाल. प्रश्न एवढाच, बसवायचा कुठं. लातूरला उस्ताद म्हणून एक म्हातारे मिस्त्री होते. अंगठेबहाद्दर, पण आवाज ऐकून इंजिनाची कुंडली मांडायचे. त्यांच्या गॅरेजात मी सेंडर दाखवला.

"बेटा, ये प्रेशर का काटा कबका मेलेला हाय," ते ब्लॉकच्या बाजूवर बोट ठेवून म्हणाले. "उसका भोक रिकामं पडलंय. तिथं टी लाव, तीन तोंडांचा जोड, म्हंजे पुढं प्रेशरचा काटाबी लागंल, आणि तिथं बसव. फिल्टरातून निघून तेल इथून बेरिंगला जातं. जिथं तेल कामाला चाललंय तिथं त्याचा ताप बघ. खाली चेंबरात तर ते आराम करायला येतं. बाहेरून हवा लागते."

बरोबर होतं. ब्लॉकमधल्या त्या मुख्य वाटेला गॅलरी म्हणतात, मला शब्द ठाऊक होता, उस्तादांना नव्हता. पण माझ्या पुस्तकात जी आकृती होती तिच्यात सेंडर चेंबरच्या तळाला होता. कुठल्या इंजिनाची, कशासाठी, ते वाचायचं मी सोडून दिलं होतं. वर दुसरं एक होतं. टी शोधायला दोन दिवस गेले असते, आणि चेंबरच्या तळाच्या, तेल सोडायच्या ड्रेन नटातच भोक पाडून आटे काढले तर काम दुपारी होणार होतं. आणि तिसरं, न पढलेल्या माणसाचं ऐकून बसवला तर मग मी बसवला असं कसं झालं?

"पुस्तकात खालीच दाखवलाय, उस्ताद."

ते कुजकं हसले. "पुस्तक कधी घाट चढलंय का?"

मी कॉलेजच्या ओळखीनं एका वर्कशॉपात लेथवर नट धरला, मधोमध भोक पाडलं, आटे काढले. सुंदर आटे. अजून सुंदर आहेत. सेंडर बसवला, तांब्याचा वायसर टाकला, काटा दादाच्या समोर डॅशबोर्डवर लावला. माय लोह्याहून आली होती. तिनं एका डोळ्यानं काट्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्यो नीट बसवलाय का?"

"माय, मी बसवलाय."

मी दादाला सांगितलं, "काटा हिरव्यात आहे तोवर थांबायचं नाही. पट्टी ओढायची नाही, हुंगायचं नाही." तो पहिल्या दिवशी सवयीनं लिंबाखाली थांबला. मी म्हणालो, "काटा बघ की." त्यानं बघितलं. हिरव्यात होता. तो लाजल्यासारखा हसला आणि गिअर टाकला. त्या दिवशी तीन खेपा झाल्या. वस्तीवर त्यानं एकेकाला जीपजवळ बोलावून काटा दाखवला. "मपल्या गौतमनं बसवलाय. इंजिन काय म्हणतंय ते सांगतो ह्यो."

पुढच्या आठवड्यात मी गाडीवर नव्हतो, मुलाखतीची तयारी करत होतो. म्हणून पुढचं मी बघितलेलं नाही. दादानं एकदाच सांगितलं, तेवढ्यावरून लिहितो.

माझ्या त्या सुंदर आट्यांतून तेल ठिबकत होतं. गार गाडीत काही नाही, तापली की थेंब थेंब. दादा सकाळी तेल बघायचा तेव्हा थोडं कमी दिसायचं, तो भर टाकायचा. त्या दिवशी ऊन असं की डांबर टायरला चिकटत होतं, आणि तिसरी खेप. चढावर गाडीचं तोंड वर झालं, उरलंसुरलं तेल चेंबरच्या मागच्या बाजूला गेलं. माझा नट पुढच्या बाजूला. सेंडर तेलातून उघडा पडला. वर, बेरिंगमध्ये, लोखंड लोखंडाला घासत होतं आणि खाली माझा सेंडर वाऱ्यानं गार झालेल्या चेंबरातली मोकळी हवा मोजत होता.

"वास आला मला," दादा म्हणाला. "पैल्याच वळणावर आला. मी काट्याकडं बघितलं. हिरव्यात. म्हनलं, नाक म्हातारं झालं आपलं. गौतम कशाला खोटं सांगल."

इंजिन चढाच्या मधोमध जाम झालं. पाण्यानं भरलेली ट्रॉली जीपला मागं ओढायला लागली. त्यानं ब्रेकवर उभं राहून गाडी धरली, उतरून चाकामागं दगड लावले. मग बोनेट उघडून छागळीतलं सगळं पाणी रेडिएटरात ओतलं. काही उपयोग नव्हता, पण माणूस ओततो. गावातून कुणी येईपर्यंत दुपारभर तो तिथंच उन्हात बसून राहिला. लिंब वर दिसत होता, पण दगड सरकतील म्हणून गाडी सोडता येत नव्हती. पाठीला भरलेली टाकी होती. तिचा नळ हाताच्या अंतरावर होता.

"उघडायचा की," मी म्हणालो. "कोण होतं तिथं बघायला?"

"कुनीच नव्हतं." दादा म्हणाला. "त्यायच्या आधी उघडलेला दिसला आसता. थेंब पडतेत खाली. वलं दिसतंय."

लोक आले. बायका-माणसांनी चढावरच घागरी भरल्या. एकानं रेडिएटरचा नळ सोडून त्यातलं गंजकं पाणीही बैलासाठी डब्यात घेतलं. टाकी कोरडी झाली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर त्या दिवशी पाणी गेलं नाही, आणि त्यानंतर तीन दिवस गेलं नाही, कारण दुसरी जीप नव्हती. दादाच्या हातात तांब्या द्यायचं कुणाला सुचलं नाही. म्हातारा मात्र म्हणाला, "किसना, दमला असशील."

मालकानं दादाला लातूरच्या गॅरेजात आणलं. मीही गेलो. उस्तादांनी चेंबर खोललं, चमचाभर तेल निघालं. त्यांनी नट हातात घेतला, आटे बघितले, माझ्याकडं बघितलं आणि नट खिशात टाकला.

"काटा कुणी बसवला?" मालकानं विचारलं. त्याला ठाऊक होतं. त्याला ऐकायचं होतं. मुलाखत दोन दिवसांवर होती. नव्या जिल्ह्यात चार माणसं चार माणसांना ओळखत होती. इंजिन जाम करणारा इंजिनियर कोण नोकरीला घेणार?

मी उस्तादांच्या खिशाकडं बघितलं.

"म्या बसवला," दादा म्हणाला.

"तू? आणि भाऊ काय नुसता मिरवायला ठेवलाय?" मालक हसला. मग त्यानं कागद पुढं केला. कचेरीत द्यायला लेखी कारण लागत होतं. "इंजिनेर हाय ना घरात? लिही. छान इंग्रजी-मराठीत लिही."

मी लिहिलं. 'इंजिन जाम होण्याचे कारण: चालकाची हयगय. तेलाची पातळी न तपासणे.' माझ्या पदवीचा पहिला उपयोग तो. ओळ सरळ आली. दादानं खाली सही केली. सातवीपर्यंतची त्याची सही, किसनमधला न उलटा वाटावा अशी. कागद परत देताना म्हणाला, "अक्षर लई चांगलं हाय तुझं."

उस्ताद तिथंच उभे होते. दादा बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "आटे सुंदर पाडलेस बेटा." त्याहून वाईट मला आजवर कुणी बोललेलं नाही.

मला नोकरी लागली. दादाला त्यानंतर कुणी गाडी दिली नाही. हयगयीचा कागद गाडीपेक्षा जोरात पळतो. तो रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेला. मायनं त्याला निघताना एवढंच सांगितलं, "डोळे मिटून फोडत जा." मी पहिल्या पगाराची मिठाई घेऊन गेलो, तेव्हा त्यानं पेढा घेतला, तो हातात धरून थोडा वेळ बघितला आणि अर्धा मोडून मायला दिला. हाताला भेगा होत्या. नाकाला मात्र तो हात त्यानंतर कितीतरी वर्षं गेलेला मी बघितला नाही.

जीपला उस्तादांनी दुसरं इंजिन बसवलं. सुट्टीच्या दिवशी मी तिथं गेलो, त्यांनी न बोलता टी माझ्या हातात ठेवली. सेंडर गॅलरीत बसवला. घाटात गाडी नेली तर पहिल्याच चढावर काटा लालला टेकला. म्हणजे तेल पहिल्यापासून तसंच तापत होतं. दादाचं नाक पहिल्यापासून बरोबर होतं. नवा ड्रायव्हर लिंबाखाली थांबला, तेव्हा मालक त्याला काही बोलला नाही. काट्यानंच सांगितलं होतं ना.

जाम झालेलं इंजिन पुढं भंगारात निघालं. मी ते विभागासाठी मागून घेतलं, कापून घेतलं, रंगवलं. उस्तादांनी जपून ठेवलेला नट त्याच्या जागी बसवला. आणि त्या कागदावरची ओळ, माझ्याच अक्षरातली, पाटीवर उतरवली. का, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, रेकॉर्डला तसंच आहे.

या मे महिन्यात, परवा, इस्लापूरकडची एक मुलगी तोंडीला आली. बारीक, ओढणी खांद्यावर पिन केलेली, घाबरलेली नव्हती. मी प्रश्न विचारला.

"फिल्टरच्या पुढं, गॅलरीत, सर."

"चेंबरात का नको?"

"चालतंय की, तेल कमी होणार न्हाई याची खात्री असल तर. एकच सेन्सर असल तर गॅलरी." मग तिनं कोपऱ्याकडं बघितलं. "सर, एक इचारू?"

"विचार."

"त्या पाटीवर चालकाची हयगय लिवलंय. पर नटाला सेन्सरचं भोक हाय. आटे लेथवर काढलेत, लई सफाईनं. ड्रायव्हर कशाला लेथवर जाईल? कुनीतरी शिकलेल्या माणसानं बसवला आसंल ना?"

इतकी वर्षं पोरं तो नट बघत होती. मी बघत होतो. पंखा फिरत होता. मी तिला म्हणालो, "हो. शिकलेल्या माणसानं." तिला वाटलं आता मी नाव सांगेन, ती थांबली. मी पूर्ण मार्क लिहिले आणि पुढच्याला बोलावलं. एवढा शूर मी.

दुसऱ्या दिवशी लोह्याला जाऊन दादाला घेऊन आलो. आता त्याला दम लागतो, जिना थांबत थांबत चढला. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. त्यानं इंजिनाकडं बघितलं, क्रँकवर बोट ठेवलं, मग सवयीनं पट्टी ओढली. कोरडी. तरी नाकाशी नेली.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"धूळ."

मी त्याच्यासमोर पाटी उतरवली. नवी आधीच लिहून ठेवली होती. ती त्यानं हातात घेऊन अक्षराला अक्षर लावून वाचली, ओठ हलवत.

"आता लिवून काय होतंय, गौतम? मालक मेला. जीप गेली. मपलं आयुष्य झालं."

"काही होत नाही," मी म्हणालो.

"मग?" तो माझ्याकडं बघत राहिला. मी तोंडीला उभ्या असलेल्या पोरासारखा उभा राहिलो, आणि त्यानं मला तसंच उभं ठेवलं, चांगला वेळ. मग पाटी परत दिली. "अक्षर अजून तसंच हाय."

दोन स्क्रू त्यानं धरले, दोन मी आवळले. पाटीवर आता असं आहे: 'जीपचे डिझेल इंजिन. जाम झालेले. कारण: तेलाच्या तापमानाचा सेन्सर गॅलरीऐवजी चेंबरच्या नटात बसवला. बसवणारा: गौतम, बी.ई. चालक किसन यांची चूक नव्हती.'